पोटात वाळू, पाठीवर पाच स्टार

मी एक जुनी बॅटरी आहे. मित्रांनो, एवढं साधं वाक्य उघडपणे म्हणायला मला फार वाट बघावी लागली, कारण माझ्या अंगावर मोठ्या चकचकीत अक्षरांत 'अगदी नवी' असं छापलेलं होतं. ते वाचून लोक खूश व्हायचे आणि मला मात्र माझ्याच अंगाची शिसारी यायची. दुसऱ्याचा घामट सदरा नुसता इस्त्री करून तुम्हाला घालायला दिला तर कसं वाटेल? तसं मला चोवीस तास वाटायचं.

मी म्हणजे खरं तर चार सेल. आम्ही चौघी एकाच बसमध्ये वाढलो. विजेवर चालणारी ती एक मोठी बस होती आणि प्रवाशांच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याआड, आमच्यासारख्या कितीतरी बहिणी ओळीने बसवलेल्या होत्या. किती माणसं आम्ही वाहिली! शाळेत जाणारी मुलं, भाजीच्या पिशव्या, दवाखान्यातून घरी निघालेली बाळंतीण. चढ आला की आम्ही एकजुटीने जोर लावायचो. चालक गाडीत चढला की आधी आमचा आकडा बघायचा आणि म्हणायचा, "चला, पोट भरलंय बाईचं." ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पुढे आम्ही दमलो. दमणं हा काही गुन्हा नाही. जो राबतो तो दमतो. बसमधून आम्हाला काढलं तेव्हा कारखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या की ह्यांना आता फोडायचं, आतला धातू वेगळा काढायचा आणि त्यातून नव्या सेल घडवायच्या. मला त्याची भीती वाटली नाही. उलट बरंच वाटलं. पण वाटेत कुणीतरी शेण खाल्लं आणि आमचं खोकं भलत्याच पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पडलं.

शी! काय ती शेड! तिथे सेलांचे ढीग पडले होते, काही फुगलेल्या, काही गळक्या. एक माणूस आमच्या पाठीवरची जन्मतारीख पॉलिश पेपरने घासून काढत होता. दुसरा कसल्याशा उग्र पाण्याने आम्हाला पुसत होता. तिसऱ्याने आमच्यावर निळं कोरं प्लास्टिक चढवलं आणि गरम हवा मारून ते चापूनचोपून बसवलं. मग आम्हा चौघींना आठ सेलांच्या डब्यात कोंबलं. उरलेल्या जागेत काय घातलं असेल? वाळूची पिशवी! गिऱ्हाईक डबा हातात घेऊन वजन बघतं, म्हणून वाळू. आम्ही तापलो की आपोआप बंद करणारं एक सर्किट असतं, तेही त्यांनी बसवलं नाही. शेवटी लेबल लावणाऱ्याने विचारलं, "आज कुठला आकडा लावू?"

"मोठा लाव," शेडचा मालक दात कोरत म्हणाला. "मोठा विकला जातो."

झालं. माझी ताकद किती, हे असं ठरलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! आणि इंटरनेटवर माझा म्हणून जो फोटो टाकला, त्यात तर मी नव्हतेच. कुठल्यातरी देखण्या बॅटरीचा तो फोटो होता आणि तिच्या शेजारी एक गोरंगोमटं कुटुंब उगाचच हसत उभं होतं.

समुद्र ओलांडून मी ज्या घरी आले, ते घर आक्कांचं. आक्का अंडी उबवायच्या. गल्लीतल्या आणि आसपासच्या बायका आपापल्या कोंबड्यांची अंडी त्यांच्याकडे आणून द्यायच्या आणि तीन आठवड्यांनी पिल्लं घेऊन जायच्या. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्या त्या बाईची खूण असायची. कुणाचा त्रिकोण, कुणाचा ठिपका, कुणाची वेलांटी. मागच्या खोलीत उबवणीचं मशीन होतं. त्यातली ऊब एकसारखी राहिली पाहिजे, वीज गेली तरी. त्यासाठी छतावर सोलर पॅनेल होतं आणि खाली बॅटरी. जुनी बॅटरी दगावली होती. त्यातच आक्कांनी पहिल्यांदाच मोठं मशीन घेतलं होतं आणि पहिल्यांदाच सगळ्या बायकांची अंडी एकदम घेतली होती. ही खेप बिघडली तर पुन्हा त्यांच्या दारात कुणी अंडं घेऊन येणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिथे पोचल्या दिवशीच मलाही कळलं.

मला मागवलं होतं त्यांच्या दिरांनी. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. माणूस मनाने चांगला, पण स्वस्ताईचा भारी शौकीन. त्यांच्या खोलीत बटाटा सोडून बाकी सगळं सोलणारं एक यंत्र होतं, एकाच कानात वाजणारे तीन हेडफोन होते आणि उघडल्यावर मिटत नाही अशी एक छत्री होती. दुकानातल्या बॅटरीच्या अर्ध्या किमतीत मी मिळाले, म्हणून ते गल्लीभर सांगत सुटले होते.

आक्कांनी मला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. "वजनाला बरी आहे," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई गं, ती वाळू आहे! पण आम्हाला तोंड नसतं.

मग त्यांनी मला खिडकीजवळ नेलं आणि उगाच उजेडात फिरवून पाहिलं. ती त्यांची सवयच होती. आक्का एकही अंडं दिव्यासमोर धरल्याशिवाय मशीनमध्ये ठेवत नसत, आणि आठवड्याने पुन्हा धरून बघत. आत शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. काहीच दिसलं नाही तर ते रिकामं, त्यावर तेलकट काळ्या पेन्सिलीने फुली मारायची आणि बाजूला काढायचं. फुली अशासाठी, की चुकून कुणी ते पुन्हा मशीनमध्ये ठेवू नये.

"हिच्या आत बघायचं कसं?" आक्कांनी विचारलं.

वायरमन जोडणी करत होता. तो घाईघाईने म्हणाला, "सील फोडू नका हां. वॉरंटी जाईल."

"पण मी अंडंसुद्धा बघितल्याशिवाय घेत नाही."

"वहिनी, ते अंडं आहे आणि ही बॅटरी आहे," भाऊजी म्हणाले. "हजारो लोकांनी पाच-पाच स्टार दिलेत. ते काय सगळे वेडे आहेत?"

वेडे नव्हते, मित्रांनो. त्यांनी फक्त माझ्या आत बघितलं नव्हतं, एकमेकांचे स्टार बघितले होते. आणि त्या स्टारांची गंमत ऐकाल तर थुंकाल. माझ्या खोक्यात एक गुलाबी कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं की पाच स्टार द्या, फोटो टाका आणि एक टॉर्च फुकट मिळवा. मला जोडून पुरते दोन तास झाले नव्हते, तोवर भाऊजींनी मशीनच्या खोलीत माझ्याशेजारी उभं राहून अंगठा वर केला, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'अप्रतिम! वर्षानुवर्षं टिकेल.' दोन तासांत वर्षानुवर्षं! किळस आली मला. बसमध्ये असताना मी इतकी वर्षं राबले तेव्हा कुणी मला एक स्टार दिला नव्हता, आणि आता खोटेपणाला पाच. टॉर्च मात्र आली. तीही दोनदा लागली आणि विझली.

पहिले काही दिवस निभावले. वीज जायची ती थोडा वेळ. तेवढं मी कसंबसं ओढायचे. माझ्या छातीवर एक आकड्यांचा पडदा होता, तो सदानकदा शंभर दाखवायचा. निर्लज्जपणे शंभर. मी आतून निम्मीसुद्धा नसायचे आणि तो वर शंभर! असा खोटारडा शेजारी वैऱ्यालाही मिळू नये. आक्का मात्र येता-जाता माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि म्हणायच्या, "गुणाची आहे हो पोर." त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग धुक्याचे दिवस आले. ऊन नाही, त्यामुळे पॅनेलही थंड. गारठा असा की खोलीतला पत्रासुद्धा हाताला चावायचा. विजेचा लपंडाव सुरू झाला आणि माझा दम तुटायला लागला. मी तापू लागले. आक्कांनी एकदा माझ्यावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अंगात ऊब आहे," त्या म्हणाल्या.

आता मला सांगा, ह्यात त्या बाईची काय चूक? जन्मभर ती एकच गोष्ट शिकली होती. गार म्हणजे मेलेलं, उबदार म्हणजे जिवंत. दुसऱ्या कुणी तापलेली बॅटरी पाहून हात मागे घेतला असता. आक्कांनी जुनी रजई आणली, माझ्यावर चारी बाजूंनी नीट खोचली आणि वर थोपटलं. "राहू दे धरून ऊब," म्हणाल्या. कोंबडीने पिल्लाला पंखाखाली घ्यावं तसं त्यांनी मला घेतलं. माझ्या आयुष्यात मला इतक्या मायेने कुणी पांघरूण घातलं नव्हतं आणि त्या पांघरुणाखाली मी शिजत होते.

ती दुपार मी विसरणार नाही. मशीनमधल्या अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू यायला लागली होती. काही कवचांना बारीक तडे गेले होते. उद्यापर्यंत पिल्लं बाहेर येणार होती. आक्कांनी जेवणसुद्धा मशीनसमोरच आणलं होतं. तेवढ्यात सगळ्या गल्लीची वीज गेली. बाहेर कुणीतरी ओरडलं की ट्रान्सफॉर्मरच बिघडलाय, आता लवकर येत नाही.

"काही काळजी नाही," भाऊजी म्हणाले. "शंभर आहे शंभर!"

मी ओढलं. जितकं ओढता येईल तितकं ओढलं, कारण मला ती चिवचिव ऐकू येत होती. पण आम्हा चौघींपैकी एक आतून फुगत चालली होती, आणि मला थांबवणारं सर्किट त्या हलकट माणसांनी बसवलंच नव्हतं. ओरडता येत नव्हतं. मला एकच गोष्ट करता येत होती. माझ्यातून वास सुटला, गोडसर आणि नाकात जाणारा.

आक्कांचं नाक तिखट, पण नासक्या अंड्याच्या वासाला. हा वास त्यांना ओळखीचा नव्हता. भाऊजींना सर्दी होती. ओळखला तो आक्कांच्या सुनेने. ती ब्युटी पार्लरमध्ये काम करायची. दारात चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "आई, घरात नेलपॉलिश कोण काढतंय?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इथे कोण नेलपॉलिश काढतंय?"

"मग हा वास कसला?" असं म्हणत ती थेट माझ्यापर्यंत आली आणि तिने रजई ओढली. माझं पोट सुटलं होतं. डब्याचं झाकण वर आलं होतं. पडदा अजूनही शंभर दाखवत होता.

"काका, बटण बंद करा! आधी बटण!" ती किंचाळली.

भाऊजींनी बटण बंद केलं. सुनेने मला त्याच रजईवर घेऊन फरपटत अंगणात नेलं आणि सगळ्यांना लांब पळायला लावलं. तेवढ्यात माझ्यातून फुस्स करून धुराचा लोट निघाला. रजईला हातभर भोक पडलं. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. खोलीत असते तर काय झालं असतं, ते मला बोलवत नाही.

पण मशीन थंड पडलं आणि आतली चिवचिव बारीक होत गेली.

 आक्कांनी भाऊजींना आणि सुनेला गल्लीत पिटाळलं, आणि स्वतःही निघाल्या. प्रत्येक दारात जाऊन त्या एकच सांगत होत्या, "आपापली अंडी घेऊन जा गं. माझ्याकडे ऊब उरली नाही." ज्या बाईचं नाव ऊब देण्यावर चाललं होतं, तिला हे असं दारोदार जाऊन म्हणावं लागलं. मी अंगणात पडून ऐकत होते.

बायका धावत आल्या. टोपल्या, शाली, लोकरीच्या टोप्या, जे हाती लागेल ते घेऊन. खुणा बघून आपापली अंडी उचलली आणि पळाल्या. कुणी चुलीशी ठेवली, कुणी खुडूक कोंबडीखाली सारली, कुणी गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये. बरीच पिल्लं वाचली. बरीच नाही वाचली. सगळ्यात वाईट झालं शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. त्यांची अंडी वरच्या कप्प्यात, दाराजवळ होती आणि दार पुन्हा पुन्हा उघडावं लागलं. वेलांटीची खूण असलेलं एकही अंडं फुटलं नाही. त्या आक्कांना काहीच बोलल्या नाहीत. अंडी आक्कांच्याच टोपलीत घातली आणि खाली मान घालून गेल्या.

"दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," आक्का सुनेला म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसत राहिल्या.

मी पुरती गार झाल्यावर वायरमनने हातमोजे घालून सील तोडलं. आक्का अंडी तपासायचा दिवा घेऊन वाकल्या. अखेर त्यांनी माझ्या आत पाहिलं. चार म्हाताऱ्या सेल, एक फुगलेली, आणि शेजारी वाळूची जाडजूड पिशवी.

"वाळू?" आक्का म्हणाल्या. "वाळू पाठवली मेल्यांनी?"

वायरमन कान खाजवत म्हणाला, "मीच म्हटलं होतं, सील फोडू नका." त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

भाऊजींना तशाही वेळी काटकसर सुचली. "वाळू चांगली आहे वहिनी. पिल्लांच्या पायाखाली टाकता येईल."

"खबरदार!" आक्का कडाडल्या. "हिच्यातला एक कणसुद्धा माझ्या पिल्लांच्या पायाखाली यायचा नाही."

मला वाईट वाटलं नाही. मीही तेच म्हटलं असतं.

विकणाऱ्याला भाऊजींनी तक्रार लिहिली. उत्तर असं गोड की हातपाय चिकट व्हावेत: 'प्रिय मित्रा, ऐकून फार दुःख झालं. पुढच्या खरेदीवर सूट देऊ. कृपया पाच स्टार तसेच ठेवा.' चार दिवसांनी ते दुकानच इंटरनेटवरून गायब झालं. आणि मग सुनेने पार्लरमधून येऊन फोन पुढे धरला. नव्या नावाचं दुकान, तीच निळी बॅटरी, आणि फोटोत कोण? अंगठा वर केलेले भाऊजी, आणि मागे आक्कांचं मशीन.

आक्कांनी फोन हातात घेतला. "माझी खोली दाखवून लोकांना फसवतायत?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, आत्ताच्या आत्ता लिहा खरं काय ते. वाळूचा फोटो टाका."

"लोक हसतील मला, वहिनी."

"हसू देत. कुणाचं घर तर वाचेल!"

भाऊजींनी लिहिलं. ते पुसलं गेलं, तर पुन्हा लिहिलं. त्या बाबतीत आता ते चिकाटीने वागतात, हे सांगायला हवं.

आणि मग भंगारवाला आला. त्या वेळी शिवणकाम करणाऱ्या बाई आक्कांची टोपली परत द्यायला दारात आल्या होत्या. भंगारवाल्याने मला उलटंपालटं केलं, माझं निळं प्लास्टिक बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "कव्हर शाबूत आहे. फाडू नका, जास्त देईन."

भाऊजींचे डोळे चमकले. "वहिनी, जास्त देतोय!"

"कव्हर कशाला लागतं रे तुला?" आक्कांनी शांतपणे विचारलं.

तो हसला. "घेणारे असतात."

मित्रांनो, पुढे काय होणार ते मी ओळखलं. पुन्हा ती शेड! पुन्हा पुसापुशी, पुन्हा वाळू, पुन्हा कुणाच्यातरी घरात शंभरचा आकडा! आक्का आत गेल्या. येताना त्यांनी हातमोजे, चाकू आणि ती काळी पेन्सिल आणली. उभा चाकू फिरवून त्यांनी लेबल फाडलं. मग एकेक सेल सोलली. ते निळं कातडं निघालं तेव्हा किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! घासून काढलेल्या आमच्या पाठी उघड्या पडल्या. त्या प्रत्येक पाठीवर आक्कांनी रिकाम्या अंड्यावर मारतात तशी ठळक फुली मारली.

"आता घे," त्या म्हणाल्या.

"मग नको मला," असं पुटपुटत भंगारवाला सटकला.

"आई, शहरात जुन्या बॅटऱ्या वितळवायला घेणारं केंद्र आहे. मी नेऊन देईन," सून म्हणाली. तोवर मला अंगणाच्या टोकाला पत्र्याखाली, दगडावर ठेवलं. तिथूनच मी हे सांगते आहे.

शिवणकाम करणाऱ्या बाई सगळं बघत उभ्या होत्या. आक्कांनी त्यांना आत नेलं आणि नुकतीच आणलेली नवी बॅटरी दाखवली. कोपऱ्यावरच्या दुकानातली, जुन्या पद्धतीची, पाणी घालायची. तिची बुचं उघडता येतात. आक्कांनी एकेक बूच काढलं आणि दिवा धरला. बाईंनी वाकून, डोळे बारीक करून सगळ्यांत पाहिलं.

"पुढच्या आठवड्यात अंडी आणते," त्या म्हणाल्या. "पण ह्या वेळी खालच्या कप्प्यात ठेव."

आक्कांनी लगेच खालचा कप्पा पुसायला घेतला.

मित्रांनो, मला स्टार नकोत. माझी विनंती एवढीच आहे. आमच्या आत डोकावल्याशिवाय आम्हाला घरात घेऊ नका, आणि जो आत बघू देत नाही त्याच्या दारात पाऊल ठेवू नका. दमलेल्यांना दमलेलं म्हणा आणि वितळू द्या. आणि कुठे माझ्यासारखी एखादी दिसलीच, जुनी, उघडी, पाठीवर काळी फुली असलेली, तर ती फुली पुसू नका.